मंगळावरचा कालवा आणि सहा कोटी खेपा

प्रिय नंदू,
सप्रेम नमस्कार.

गणपतीत सोसायटीच्या मंचावर ‘जुने मथळे खरे निघाले असते तर’ असा अर्ध्या तासाचा कार्यक्रम करायचं ठरवलंस, हे वाचून फार आनंद झाला. माझा एकच आग्रह आहे. दहा-बारा मथळे घेऊ नकोस. एकच घे, तो अक्षरशः खरा मान आणि हिशेब शेवटपर्यंत ने. लोक मथळ्याला एकदा हसतात, हिशेबाला पुन्हा पुन्हा हसतात.

माझी निवड २७ ऑगस्ट १९११च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ची. मंगळवासीयांनी दोन वर्षांत दोन प्रचंड कालवे बांधले, असा तो मथळा. एकेक कालवा हजार मैल लांब आणि वीस मैल रुंद, म्हणजे १,६०० किलोमीटर बाय ३२. हे आकडे नुसते वाचून दाखवू नकोस. लांबी मुंबई-दिल्ली रेल्वेमार्गाहून जास्त, रुंदी साधारण सीएसएमटी ते ठाणे, असं सांग. मग विचार, पलीकडच्या काठावरचा माणूस दिसेल का? नाही दिसणार. मंगळ पृथ्वीपेक्षा लहान, त्यामुळे त्याची वक्रता जास्त. उभ्या माणसाचं क्षितिज तिथे जेमतेम साडेतीन किलोमीटरवर संपतं. पाटकऱ्याला समोर नुसतं पाणीच दिसेल. पूल बांधायचा तर अटल सेतू २१.८ किलोमीटरचा, म्हणजे त्याच्या दीडपट.

आता खोदाई. एकच कालवा घे आणि खोली १० मीटर धर. ५१,२०० कोटी घनमीटर माती निघते. ७३० दिवसांत संपवायची तर रोज ७० कोटी. डंपर १४ घनमीटरचा धरला तर रोज पाच कोटी खेपा होतात. पण इथे हमखास एक चूक राहते, ती करू नकोस: जमिनीतली माती आणि डंपरमधली माती सारखी नसते. खणली की ती सुटी होते, फुगते. पाव हिस्सा वाढ धरलीस तर खेपा सहा कोटींच्या पुढे जातात, म्हणजे दर सेकंदाला सातशेहून जास्त. साइटवर वावरलेला कोणी प्रेक्षकांत असेल तर त्याला नेमकं हेच कळेल, आणि तोच सगळ्यांत मोठ्याने हसेल.

शिवाय मंगळावर वजन ३८ टक्केच भरतं. ओझं हलकं होतं हे खरं, पण पोकलेनही हलका होतो. बकेट जमिनीत रुतते ती यंत्राच्या स्वतःच्या वजनाच्या जोरावर. तिथे कठीण मुरूम लागला तर बकेट रुतण्याऐवजी पोकलेनचाच पुढचा भाग उचलला जाईल. चाकांची पकडही त्याच प्रमाणात कमी, पण डंपरचं वस्तुमान तेवढंच, म्हणजे भरलेला डंपर ब्रेक मारल्यावर घसरत जाणार. आणि ही फुगलेली माती टाकायची कुठे? आख्ख्या महाराष्ट्रावर पसरली तर दोन मीटरचा थर बसेल. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत एकही दार बाहेरच्या बाजूला उघडणार नाही.

पाण्याचा हिशेब टीएमसीतच (अब्ज घनफुटांत) सांग, आपल्याकडे तोच चटकन कळतो. हा कालवा भरायला १८,००० टीएमसी लागतील. कोयना धरण १०५ टीएमसीचं, म्हणजे सुमारे १७० कोयना रिकाम्या कराव्या लागतील. त्यात तिथला हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी, त्यामुळे उघडं पाणी काही गोठेल आणि काही उकळून उडेल. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याची तक्रार मंगळावरही हीच असेल: वरच्यांनी पाणी अडवलं.

हा गोंधळ सुरू झाला एका शब्दापासून, आणि ते मराठीत जितकं छान सांगता येतं तितकं इंग्रजीत येत नाही. १८७७ साली स्कियापारेल्ली या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने मंगळावर ‘कनाली’ पाहिल्या. त्या शब्दात ओहोळ-नाले येतात आणि खणलेले कालवेही. इंग्रजीत त्याचा ‘कालवा’च झाला. नाला आपोआप होतो, कालवा कुणीतरी खणावा लागतो. म्हणून मग खणणारेही आले. अमेरिकेत पर्सिव्हल लॉवेल यांनी फ्लॅगस्टाफच्या वेधशाळेतून त्याच कल्पनेचा आयुष्यभर पाठपुरावा केला.

रेघा दिसल्या कशा, हे मात्र करूनच दाखव. १९०३मध्ये मॉंडर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने ग्रिनिचच्या शाळकरी मुलांवर हा प्रयोग केला होता. पांढऱ्या पुठ्ठ्यावर १५ सेंटीमीटरचं वर्तुळ काढ. आत पेन्सिलीने एक-दोन मिलिमीटरचे वेडेवाकडे ठिपके सैल ओळींत दे, एकही सलग रेघ नको. मुलांना दोन, सात आणि बारा मीटरवर बसवून दिसेल ते काढायला सांग. जवळच्यांना ठिपके दिसतील, लांबच्यांना फार तर करडा डाग. मधली मुलं सरळ रेघा काढतील, कारण डोळ्याला सुटे न दिसणारे ठिपके मेंदू जोडून टाकतो. उजेड सारखा ठेव आणि आधी ‘मंगळ’ किंवा ‘कालवा’ हा शब्द उच्चारू नकोस, नाहीतर पहिल्या रांगेतही कालवे निघतील.

वेळ उरला तर १८३५च्या ‘न्यूयॉर्क सन’मधली चंद्रावरची चार फुटी वटवाघूळ-माणसं घे. त्या बातमीतल्या दुर्बिणीचं भिंग २४ फुटांचं होतं. एवढ्या भिंगातूनही चंद्रावरचं ३५ मीटरपेक्षा लहान काही वेगळं ओळखता येत नाही. अशी तीसेक माणसं डोक्याला पाय लावून एका ओळीत आडवी झाली तर कुठे एक ठिपका दिसेल.

१९४८चा ‘शिकागो ट्रिब्यून’चा मथळा, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत ड्यूईंनी ट्रुमनना हरवल्याचा, मी वगळेन. त्यात कल्पनेला वाव कमी. छापखान्यात खिळे जुळवणारे जुळारी संपावर, म्हणून मजकूर टंकून, त्याचा फोटो काढून ठसे करावे लागत. आवृत्ती नेहमीपेक्षा खूप आधी बंद करावी लागायची, म्हणून मतमोजणी पुरी होण्याआधीच मथळा गेला. निवडून ट्रुमन आले.

शेवटी पडद्यावर मरिनर-४ने जुलै १९६५मध्ये पाठवलेली छायाचित्रं लाव. त्यांत उल्काघातांचे खड्डे आहेत, कालवा एकही नाही. पण त्याआधी मुलांनी काढलेले कागद गोळा करून मंचावर टांगून ठेव. दोन्ही शेजारी शेजारी दिसू देत.

पुठ्ठा तयार झाला की कळव. ठिपके किती दाट घ्यायचे ते आधी सात मीटरवरून बघून ठरव.

तुझा,
श्रीधर