निळ्या फायलीतला कागद

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी "आई, हे तुझं रजिस्ट्रार ऑफिस नाही" म्हणालीस आणि फोन ठेवलास. तेव्हापासून मी तीनदा फोन हातात घेतला, पण बोलायला लागले की माझा आवाज चढतो, म्हणून लिहिते. घर घेतानाच्या त्या स्टॅम्प ड्यूटीच्या कागदाचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच बसले आहे.

आधी हे सांगू दे, मला फार आनंद झालाय. इंग्लंडमधल्या तुझ्या फ्लॅटचा उरलेला अर्धा हिस्सा तू स्वतःच्या कमाईतून घेते आहेस. २०१९ साली चावी मिळाली तेव्हा रिकाम्या खोलीत खोक्यावर बसून व्हिडिओ कॉल केला होतास. "ही भिंत माझी, ती असोसिएशनची," असं दाखवत होतीस, कारण अर्धं घर तुझं आणि अर्धं हाऊसिंग असोसिएशनचं. आबा हसले, पण रात्री मला म्हणाले, अर्ध्या घराचे हप्ते आणि अर्ध्याचं भाडं, पोरीला झेपेल का? झेपलं तुला. आज ते असते तर गल्लीभर पेढे वाटत फिरले असते.

पण मनू, तो कागद.

तेव्हा फ्लॅटची किंमत २,४०,००० पौंड, तुझे गेले १,२०,०००. सव्वा लाखापर्यंत स्टॅम्प ड्यूटी नव्हतीच. कर शून्य निघाला म्हणून पुढचं कुणी वाचलं नाही. मी आता वाचलंय. शेअर्ड ओनरशिपचं, म्हणजे असं हिश्श्याहिश्श्याने घर घेताना पहिल्याच दिवशी ठरवायचं असतं. पूर्ण घराच्या बाजारभावावर कराचा हिशोब मिटवून टाकला, तर पुढे कितीही हिस्सा घ्या, पुन्हा कर नाही. किंवा घेतलेल्या हिश्श्यापुरताच भरायचा, मग ८० टक्के ओलांडेपर्यंत कुणी विचारत नाही, ओलांडले की विचारतात. पहिला पर्याय घेतला असशील तर तेव्हाही शून्यच लागला असणार, कारण पहिलं घर घेणाऱ्याला तीन लाखांपर्यंत माफी होती. आपल्या वाड्यातला हिस्सा वारशाने तोवर तुझ्याकडे आला नव्हता, ते बरंच झालं म्हणायचं. वारशाने आलेला घरातला हिस्सा जगात कुठेही असला तरी तिथे ती माफी जाते.

दुसरा पर्याय असेल तर आता पन्नासवरून थेट शंभरावर जाताना कर लागेल. आजच्या किमतीने उरलेला अर्धा हिस्सा १,४०,०००. आधीचे आणि आताचे पैसे एकत्र धरून कर काढायचा आणि त्यातला आताच्या रकमेच्या वाट्याचा भरायचा. एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी माझ्या हिशोबात १,६१५ पौंड येतात. आधी ऐंशीवर थांबून मग उरलेलं घेतलंस तर साडेसहाशेच्या आत भागेल, पण दोनदा मूल्यांकन, दोनदा वकिलाची फी, त्यात वाचलेलं बहुतेक जाईल. व्यवहार झाल्यावर १४ दिवसांत विवरणपत्र भरायचं, उशीर झाला की १०० पौंड दंड.

तुझा वकील नवा आहे. तेव्हा काय निवडलं होतंस ते तो तुलाच विचारणार, आणि तू मला "आठवत नाही" म्हणालीस. सही करताना वाचायचं असतं, बाळा. इतकी शिकलीस, इतक्या लोकांचे हिशोब सांभाळतेस, आणि स्वतःच्या घराच्या कागदावर काय लिहिलंय ते

बघ, लागले ना बोलायला. चुकलं माझं. तेव्हा तू एकटी होतीस, नोकरी सांभाळून सगळं धावपळीत केलंस. त्या वकिलाने समजावून सांगायला हवं होतं. तो राग मी तुझ्यावर काढायला नको होता.

मला कागदांची एवढी धास्ती का, ते तुला कधी सांगितलं नाही. रजिस्ट्रार ऑफिसात माझं टेबल शाईच्या पॅडजवळ होतं. अंगठा दिला की लोक शाई केसांना पुसत, नाहीतर भिंतीला. त्या कोपऱ्यातली भिंत कमरेइतकी जांभळी झाली होती. एकदा एक म्हातारी भावाबरोबर आली. दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर हक्कसोडपत्र. अंगठा देऊन झाल्यावर पदराला शाई पुसत मला विचारते, "बाई, आता मला माहेरी येता येईल ना?" भाऊ खाली बघत राहिला. मी दस्त वाचून दाखवला होता गं, पण भराभर, बाहेर रांग होती. पुढे कितीतरी महिने मी प्रत्येक बाईला सावकाश वाचून दाखवायचे. साहेब ओरडायचे.

तुझा व्यवहार वेगळा आहे, तुझं काही जात नाहीये, उलट सगळं तुझं होतंय, हे मला कळतं. भाडं बंद होईल. सर्व्हिस चार्ज मात्र चालूच राहील, तो धरलास ना? आणि सगळी शिल्लक ओतू नकोस. तिथे थंडीत बॉयलर बंद पडला तर तुझ्याजवळ कोण आहे? मागच्या वेळी कोट घालून झोपलीस ते मला चार दिवसांनी सांगितलंस.

मेतकूट आणि गोडा मसाला शेजारच्या काकूंच्या लेकाबरोबर पाठवते आहे.

मी तिथे आले होते तेव्हा तुला एक निळी फाईल आणली होती, बटणाची. २०१९ चं विवरणपत्र त्यातच असेल. नसेल तर तुझी ती बिस्किटांच्या डब्यातली शिवणाची पेटी बघ, तू पावत्या तिथे कोंबतेस. सापडला की सगळ्या पानांचे फोटो पाठव, मागच्या बाजूचेसुद्धा. रात्री कितीही वाजले तरी पाठव, मी जागीच असते.

तुझी,
आई