लवंगतेल आणि अँटिबायोटिक

महोदय,

लवंग, दालचिनी, ओवा यांची तेले अँटिबायोटिकच्या जोडीला घ्या, छातीतला संसर्ग लवकर जातो, असा सल्ला हल्ली सर्रास ऐकू येतो. त्यात अगदीच तथ्य नाही असे नव्हे. या तेलांतले युजेनॉल, थायमॉल हे घटक जिवाणूचे आवरण खिळखिळे करतात. मग औषध सहज आत शिरते आणि प्रयोगशाळेत कधीकधी त्याची कमी मात्राही पुरते. पण हे सगळे काचेच्या बशीत! तेलाची तेवढी तीव्रता फुप्फुसात सुरक्षितपणे कशी गाठणार? उलट तेल श्वासनलिकेत गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो, आणि लवंगतेल पोटात जाऊन लहान मुलांच्या यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डॉक्टरांच्या गोळ्या मध्येच सोडून नुसत्या तेलावर भिस्त ठेवणारे तर ‘जोडीला’ हा मुद्दाच विसरतात.

– एक वाचक