पावसाळ्याआधीच्या रात्रींचा रडार डेटा खुला करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कुलाबा आणि वेरावलीच्या हवामान रडारची आठवण मुंबईला जूनमध्ये येते. मार्च ते मे आकाश कोरडे, म्हणून त्या रात्रींच्या नोंदींकडे कुणाचे लक्ष नसते. पक्षी अभ्यासासाठी नेमक्या त्याच हव्यात. ठाणे खाडी आणि शिवडीच्या चिखलावर हिवाळा काढलेले तुतवार व चिखले याच काळात उत्तरेकडे निघतात, आणि त्यांचा क्षीण परतावा (त्यांच्यावरून परतणारी रडारची लहर) झाकून टाकायला तेव्हा पाऊस नसतो.

पक्ष्याच्या शरीरात पाणी भरपूर असल्याने रडारची लहर त्यावरून परतते. सूर्यास्तानंतर अर्ध्या-पाऊण तासाने परतावा झपाट्याने वाढला आणि पहाटे ओसरला, तर स्थलांतराचा संशय घ्यावा. मग पाऊस वगळायचा. वेरावलीचे रडार दुहेरी ध्रुवीकरणाचे, म्हणजे आडव्या आणि उभ्या दोन्ही लहरी सोडणारे आहे. त्यात पावसाचा सहसंबंध गुणांक (दोन्ही लहरींचे परतावे किती जुळतात याचे माप) बहुधा 0.95 च्या वर असतो, पक्षी आणि किड्यांचा बराच खाली.

पक्षी की किडे, हा खरा अवघड प्रश्न. त्यासाठी सांताक्रूझच्या हवामान फुग्याने संध्याकाळी 5.30 च्या निरीक्षणात मोजलेला वारा रडारने मोजलेल्या वेगातून वजा करावा. किडे वाऱ्याबरोबर वाहतात. त्यांचा स्वतःचा वेग सेकंदाला 5 मीटरच्या वर क्वचितच जातो. उरलेला वेग 8 मीटर किंवा जास्त असेल, तर ते बहुधा पक्षी. इथे मुंबईला एक फायदा आहे. एप्रिलमध्ये खालच्या थरातला वारा बहुधा वायव्येकडून येतो, त्यामुळे त्याच्या विरोधात उत्तरेकडे जाणारे थवे उठून दिसतात.

चुका होतात त्या प्रामुख्याने समुद्रामुळे. दमट थरावर कोरडी गरम हवा बसली की लहर खाली वाकते आणि लाटा, जहाजे ‘थवे’ म्हणून दिसू लागतात. दुसरी मर्यादा उंचीची: अर्ध्या अंशाच्या कोनात झोताचा मध्य 50 किलोमीटरवर सुमारे 600 मीटर, 100 किलोमीटरवर दीड किलोमीटर उंच जातो. त्याखालून उडणारे निसटतात. रोहितांची (फ्लेमिंगोंची) खाडी ते नवी मुंबईच्या पाणथळींपर्यंतची कमी उंचीची उड्डाणे म्हणूनच यात विश्वासाने मोजता येणार नाहीत. 20 मे 2024 ला घाटकोपरला विमानाच्या धडकेने रोहित मेले, तशी दुर्घटना याने टळली असती, असा दावा आम्ही करत नाही. रडार जातही सांगत नाही. त्यासाठी भांडुप, शिवडीच्या प्रत्यक्ष मोजण्या जोडाव्याच लागतील.

अमेरिकेत हवामान रडारचा जुना संग्रह कुणालाही मोफत उतरवता येतो, आणि त्यावरूनच तिथे स्थलांतराचे रात्रीचे अंदाज दिले जातात. आपल्याकडे संकेतस्थळावर रंगीत चित्रे मिळतात, त्यांवरून वारा वजा करता येत नाही. हवामान विभागाने 15 फेब्रुवारी ते 31 मे या काळातील सूर्यास्त ते सूर्योदयाच्या कच्च्या फायली खुल्या कराव्यात: सर्वांत खालचे तीन कोन, परावर्तकता (परताव्याची ताकद) आणि वेग दोन्ही, आणि क्षीण परतावा गाळून टाकण्याआधीच्या. गाळल्यावर सर्वांत आधी पक्षीच जातात.

– पक्षिनिरीक्षक, मुलुंड (पूर्व), मुंबई