टूथपेस्ट बदलून हे थांबणार नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत दात आंबण्यावर लेख आला होता, मऊ ब्रश घ्या, लिंबू कमी करा, सेन्सिटिव्हिटीवाली टूथपेस्ट वापरा वगैरे. त्यात चूक काही नाही. पण कॉलेजातल्या पोरीचे (पोरांचेही, हो) दात आंबत असतील आणि झीज वरच्या पुढच्या दातांच्या आतून, टाळूकडच्या बाजूने असेल तर प्रश्न टूथपेस्टचा नसतो, बुलिमिया या खाण्याशी निगडित मानसिक आजाराची शंका घ्यावी लागते. त्यावर लेखात एक ओळही नव्हती म्हणून लिहितेय.

मी सांगलीत दातांची प्रॅक्टिस करते. बुलिमियात माणूस थोड्या वेळात भरमसाट खातो, हात थांबतच नाही, आणि मग वजनाच्या भीतीने, लाजेने ते उलटी करून काढून टाकतो, असं आठवड्यातून निदान एकदा आणि तीन महिने तरी चाललं की डॉक्टर त्याला आजार म्हणतात. आता उलटी येते ती जिभेवरून सरळ वरच्या दातांच्या मागे आदळते, खालचे दात बऱ्याचदा वाचतात कारण जीभ त्यांच्यावर येते. पोटातल्या ॲसिडचा पीएच १ ते २ च्या आसपास (आकडा जितका कमी तितकं ॲसिड तीव्र) आणि एनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, साधारण ५.५ च्या खाली विरघळायला लागतं, बघा हिशेब. कडा पातळ होतात, पारदर्शक दिसतात, टवके उडतात, आतलं पिवळं डेंटिन उघडं पडतं. दाढेत जुनी चांदी भरलेली असेल तर भोवतालचा दात झिजून चांदी तेवढी बेटासारखी वर राहते. आणि गेलेलं एनॅमल परत येत नाही, ते बनवणाऱ्या पेशी दात उगवेपर्यंतच संपलेल्या असतात.

बाकी तोंड कोरडं पडतं, ओठांचे कोपरे चिरतात, घसा सारखा दुखतो. कानाखालच्या लाळेच्या ग्रंथी सुजतात तो प्रकार मला सगळ्यात वाईट वाटतो, कारण ती सूज सहसा दुखत नाही, नुसता चेहरा भरल्यासारखा दिसतो, घरचे म्हणतात गाल आलेत बाई तुझे, जाड झालीस, आणि ती आणखी उलट्या करते.

१९७९ मध्ये लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी हा आजार वेगळा ओळखून लिहिला, १९९५ मध्ये प्रिन्सेस डायना टीव्हीवर स्वतःच्या बुलिमियाबद्दल उघड बोलली. आपल्याकडे मात्र तो पित्ताच्या नावाखाली खपतो. सकाळी खाकरून पित्त काढणारे काका घरोघरी असतात, उलटी झाली की मोकळं वाटतं म्हणतात, त्यामुळे जेवण झाल्या झाल्या बाथरूममध्ये जाणाऱ्या पोरीला कोण काय विचारणार, कोकम सरबत दे म्हणतात फार तर. त्यात वजन बहुतेकांचं नॉर्मल असतं, म्हणजे बघून कळत नाही. खऱ्या ॲसिडिटीने किंवा गरोदरपणातल्या उलट्यांनीही दात असेच झिजतात हे खरं, म्हणून डेंटिस्टने विचारताना पोलिसासारखं विचारू नये, पण विचारावं तर, आणि आईला बाहेर बसवून विचारावं. आमच्यातले बरेच जण फिलिंग करून मोकळे होतात, वेळ नसतो म्हणे.

आणि एक, उलटी कशानेही झालेली असो, लगेच ब्रश करू नका. लोकांना वाटतं स्वच्छ होतंय, पण ॲसिडने मऊ पडलेलं एनॅमल ब्रशने खरवडून निघतं. साध्या पाण्याने चुळा भरा, पाण्यात थोडा खायचा सोडा टाकला तर उत्तम, ब्रश तासाभराने.

लग्न ठरलं की आया येतात, डॉक्टर महिन्याभरात कॅप बसवून द्या, फोटोत दात चांगले दिसले पाहिजेत. पण उलट्या चालू असतील तर कॅपच्या कडेने दात झिजतच राहतो, काम टिकत नाही, हजारो रुपये पाण्यात. मी तोवर तात्पुरतं कंपोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग) लावते, फ्लोराइड देते आणि सायकियाट्रिस्टकडे पाठवते. तिथे चिडतात लोक, दातासाठी मनाचा डॉक्टर कशाला म्हणून! अहो दात बसवता येतात, सारख्या उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम घसरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, त्याला कॅप नाही. आणि यावर उपचार आहेत, समुपदेशनाची ठरलेली पद्धत आहे, गोळ्या आहेत, बरी होतात माणसं.

सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. पुढच्या वेळी दातांवर लेख घ्याल तेव्हा हा नंबर खाली छापा, टूथपेस्टच्या जाहिरातीला जागा मिळते तर याला दोन ओळी मिळतीलच.

एक डेंटिस्ट, सांगली