ताई, मागच्या महिन्याचा हिशेब

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या निरोपाच्या कार्यक्रमात प्रत्येकीला दोन-दोन मिनिटं होती. शाल, श्रीफळ, साहेबांचं भाषण आणि फोटो यांतून उरलेली. तेवढ्यात "ताईंनी खूप सांभाळून घेतलं" एवढंच बोलून होतं, आणि ते सगळ्याच जणी बोलल्या. मला सांगायचं होतं ते राहून गेलं, म्हणून हे पत्र. ते उघड लिहितेय, कारण तुमच्यासारखी गटप्रवर्तक म्हणजे कोण हे तालुक्याबाहेर सोडाच, आमच्या गावातही फारसं कुणाला ठाऊक नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खेड्यात साधारण १,००० लोकसंख्येमागे एक आशा, म्हणजे गावातलीच आरोग्याचं काम करणारी बाई, असते. अशा वीसेक आशांचं काम एक गटप्रवर्तक बघते. ती कायम नोकरीत नसते, गावोगाव केलेल्या दौऱ्यांवर तिचा मोबदला ठरतो. वरचे आदेश आम्हा आशांना सांगायचे, आमचे आकडे वर पोचवायचे, डायऱ्या तपासायच्या, मोबदल्याच्या अर्जावर सही करायची. कागदावर काम एवढंच.

तुमच्या आधी आमची मासिक बैठक त्या कागदाप्रमाणेच चालायची. आरोग्य केंद्राच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसायचं, नाव पुकारलं की उभं राहायचं. गरोदर नोंदी किती, पहिल्या १२ आठवड्यांतल्या किती, कमी का? खाली बसा. पुढची. तुम्ही आलात आणि पहिल्याच बैठकीत विचारलंत, "काम कुठं अडतंय?" कुणी तोंड उघडलं नाही. आधी जिनं उघडलं होतं तिची पुढं वर्षभर डायरी कशी तपासली गेली ते आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं होतं. तरी तुम्ही एकेकीजवळ येऊन बसलात आणि एकेक गोष्ट वहीत उतरवून घेतलीत. कुणाच्या वजनकाट्याची सुई शून्यावर येत नव्हती. कुणाच्या गावात लसीकरणाचं सत्र नेमकं बाजाराच्या दिवशी यायचं, त्यामुळे घरं कुलूपबंद. एकीनं सांगितलं की रात्री बाळंतपणाला बाई घेऊन दवाखान्यात आलं की आशाला पाठ टेकायला जागा नसते, व्हरांड्यात पायरीवर रात्र काढावी लागते.

लिहून घेणारे आम्ही पुष्कळ पाहिले होते. पाहणीला येणारं प्रत्येक माणूस लिहूनच घेतं. तुमचं वेगळेपण पुढच्या महिन्यात कळलं. नवे आकडे विचारायच्या आधी तुम्ही ती वही उघडलीत आणि मागच्या महिन्याचा हिशेब दिलात. काटे बदलून आणले होते. सिस्टरांशी बोलून सत्राचा दिवस बदलला होता. आणि मग म्हणालात, "मुक्कामाच्या जागेचं नाही झालं. खोली शिल्लक नाही म्हणतात. परत विचारणार आहे."

ताई, आमचं तोंड उघडलं ते या "नाही झालं"मुळे. काम झालं की सांगायला सगळेच येतात. झालं नाही हेही आम्हाला येऊन सांगावं, एवढा आमचा हिशेब तोवर कुणी धरला नव्हता.

याचा खरा कस लागला ऊसतोडीच्या प्रश्नात. आपल्या बीड जिल्ह्यात दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात. सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडं, काही थेट कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती घरात कधीच खर्च झालेली असते, त्यामुळे सातवा महिना असो की आठवा, बाईला जावंच लागतं. आमच्या रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढं "स्थलांतरित" लिहिलं की आमच्यापुरता विषय संपायचा. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशानं ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाऊन बाळ बघायचं असतं. फडावर, म्हणजे तोडीच्या रानात, जन्मलेल्या बाळाकडं कोण जाणार? आमच्या यादीत ते गावाबाहेर गेलेलं, आणि तिकडच्या आशाच्या यादीत उसाच्या रानातली कोपी, म्हणजे टोळीची झोपडी, मोडतच नव्हती.

हा विषय निघाला त्या दिवशी तुम्ही विचारलंत, "मग काय करता येईल?" आणि गप्प बसलात. बराच वेळ. तुमच्याकडं एखादं उत्तर तयार असणार असं मला आजही वाटतं, पण तुम्ही ते काढलं नाहीत. शेवटी जिची जाऊ दरवर्षी तोडीला जाते ती आशा बोलली. बाईकडं फोन नसतो, असला तर बंद असतो, पण मुकादमाचा कायम चालू असतो, आणि टोळी आज कुठल्या फडात आहे हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नसतं. दुसरी म्हणाली, माता-बाल कार्ड रेशनकार्डाच्याच पिशवीत घालून द्या, ती पिशवी बाई जिवापलीकडं जपते. निघायच्या आधी धनुर्वाताचं इंजेक्शन आणि तपासणी उरकायची, लोहाच्या गोळ्या पुढच्या महिन्यांच्या एकदमच द्यायच्या, हे तिसरीनं मांडलं. फळ्यावर तुम्ही फक्त लिहीत होतात. नाव, कितवा महिना, मुकादम, कारखाना, जवळचं गाव. त्या रकान्यांतला एकही तुम्ही घातलेला नव्हता.

मग फोनवर विचारायचं काय, यावर आमची चांगली भांडणं झाली. प्रशिक्षणात शिकवलेलं सगळं फोनवर विचारता येत नाही. काटा नाही, थर्मामीटर नाही, समोर दमलेली बाई, तिच्याही मागं उभा मुकादम. छाटत छाटत चार प्रश्न उरले. बाळ दूध ओढतंय का? अंग हाताला गार लागतंय का? रडणं बारीक झालंय का? श्वास घेताना छातीखाली खड्डा पडतोय का? यातल्या एकाचं जरी उत्तर वाकडं आलं तरी त्याच दिवशी दवाखाना.

माझ्या वस्तीवरच्या एका पोरीचं बाळ कारखान्याच्या तळावर जन्मलं. संध्याकाळी फोन केला तर म्हणाली, "सकाळपासून तोंडच लावीना, निवांत पडलंय." निवांत हा शब्द ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मुकादमाला फोन लावला. आधी त्यानं उडवून लावलं, मग जरा चढ्या आवाजात बोलल्यावर ट्रॅक्टर दिला. यादीत जवळचं गाव लिहिलेलं असल्यामुळे तिथल्या आरोग्य केंद्राचा पत्ता शोधत बसावं लागलं नाही. ते पोरगं आता अंगणवाडीत खिचडीसाठी मारामाऱ्या करतं.

फोनवरच्या भेटीचा मोबदला मिळेल का, हे तुम्ही तालुक्याला विचारून आलात. उत्तर आलं, नाही. भेट म्हणजे घरी जाऊन केलेली भेट. तुम्ही ते जसंच्या तसं सांगितलंत आणि म्हणालात, "करायचं का नाही ते तुम्ही ठरवा. जी करणार नाही तिला मी एका शब्दानं बोलणार नाही." काहीजणी नाही म्हणाल्या, आणि तुम्ही खरंच काही बोलला नाहीत. ही गोष्ट मी मुद्दाम लिहितेय. आम्हाला सेवाभावाचे धडे फार मिळतात, आणि ते बहुतेक वेळा पगारवाली माणसंच देतात.

गर्भपिशवीच्या ऑपरेशनांचंही असंच. आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर आशानं बैठक उठता उठता, चहाच्या वेळी म्हटलं होतं की तिच्या वस्तीवर तिशी-पस्तिशीतल्या कितीतरी बायकांच्या पिशव्या काढलेल्या आहेत. चहाच्या वेळी निघालेलं बोलणं चहाबरोबर संपतं. तुम्ही कप खाली ठेवलात आणि सगळ्यांना परत बसवलंत. प्रत्येकीनं आपापल्या गावातलं टिपून आणायचं ठरलं: वय, मुलं किती, काढायला कुणी सांगितलं, पैसे कुठून आणले. आणलं तेव्हा आमचेच डोळे पांढरे झाले. अंगावर पांढरं जातंय म्हणून गेलेल्या बाईला कॅन्सरची भीती घातलेली. पाळीत कामाला खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, फडावर ना पाणी ना आडोसा, मग बाईलाही वाटतं, जाऊ दे, कटकट मिटली. आणि ऑपरेशनचा पैसा पुन्हा उचलीतूनच.

२०१९ मध्ये हा विषय पेपरात आला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. मुंबईपर्यंत लोक हादरले. आमच्या बैठकीत कुणालाच नवल वाटलं नाही. पुढं खाजगी दवाखान्यांना या ऑपरेशनासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागायला लागली, तेव्हा बायकांना समजावून सांगायला आमच्याकडं शब्द तयार होते. आपल्याच गावातलं आपणच टिपलेलं होतं ना.

तुम्ही गोड होतात असं मात्र कुणी म्हणू नये. अंदाजानं लिहिलेलं वजन तुम्हाला वास आल्यासारखं कळायचं. डायरीत सलग तीन बाळं अडीच किलोची दिसली की तुम्ही त्याच दिवशी त्या गावात हजर. झोळीत बाळ घालून, काटा स्वतःच्या डोळ्यांसमोर धरून, सुई थांबेपर्यंत श्वास रोखून उभ्या. सुई २,३०० ग्रॅमवर थांबली तर त्या आशाची काही खैर नव्हती. अडीच किलोच्या खाली म्हणजे जादा भेटी, जादा लक्ष; तो आकडा गोल केला की बाळाचं ते लक्षच काढून घेतलं, हे तुम्ही ज्या आवाजात सांगायचात तो आवाज अजून कानात आहे.

आणि तालुक्याची ती आढावा बैठक. साहेबांनी तुम्हाला विचारलं, या गावात स्थलांतरित गरोदर माता इतक्या कशा? उत्तर तुम्हाला तोंडपाठ होतं. तुम्ही म्हणालात, "तिच्या गावचं ती सांगेल," आणि माझ्याकडं बघितलंत. माझे पाय लटपटत होते. पण यादी हातात होती, नावं माझ्या ओळखीची होती, आणि दोन वाक्यांनंतर साहेबांनी पुढचा प्रश्न थेट मला विचारला. मी बोलत होते तोवर तुम्ही मध्ये एकदाही "म्हणजे तिला असं म्हणायचंय" म्हणाला नाहीत. बाहेर आल्यावर फक्त सांगितलंत की मोठ्यानं बोलत जा, मागच्या बाकावर ऐकू येत नव्हतं.

हल्ली प्रशिक्षणात "सहभागी नेतृत्व" असं एक सत्र असतं. चार्ट पेपरवर झाड काढायचं, पानांवर आपापल्या अपेक्षा लिहायच्या, टाळ्या वाजवायच्या. झाड भिंतीला चिकटलेलं राहतं, आम्ही जेवून एसटी पकडतो. मला त्या सत्रात बसल्यावर तुमची आठवण येते आणि हसू येतं.

तुम्ही हे कुठं शिकलात, असं मी एकदा विचारलं होतं. तुम्ही जामखेडचं नाव घेतलंत. तुमचं माहेर तिकडचं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथं काम सुरू केलं आणि पुढं गावागावातल्या, अक्षरओळख नसलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. त्या बायका डॉक्टरांसमोर बसून आपल्या गावाचं दुखणं मांडायच्या आणि डॉक्टर ऐकायचे, हे तुम्ही लहानपणापासून ऐकत आला होतात. आमच्या हातातलं नवजात बाळाच्या भेटींचं कामही असंच गडचिरोलीच्या गावांतून आलेलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना शिकवून नवजात मुलांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आणले, ते १९९९ मध्ये जगापुढं आलं आणि २०११ पासून आशा देशभर त्या भेटी देऊ लागल्या. हे तुम्ही आम्हाला सांगितलंत तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपण करतो ते काम आपल्यासारख्याच बायकांनी करून दाखवलेलं आहे.

करोनाबद्दल फार लिहीत नाही. "माझे कुटुंब, माझी जबाबदारी"च्या वेळी लोकांनी दारं लावली, आमच्यातल्या दोघींना गावात पाणी भरू दिलं नाही, आणि तुम्ही रोज रात्री एकेकीला फोन करून आधी "जेवलीस का" विचारायचात, आकडा नंतर. बस.

पण एक गोष्ट सलते. मार्च २०२४ मध्ये राज्यानं आशांच्या मोबदल्यात ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. त्याआधी आपण सगळ्या मिळून संपावर होतो, घोषणा द्यायला तुम्ही आमच्या पुढं होतात. आमच्या पदरात पडलं. तुम्ही मात्र कायम होण्याची वाट बघत बघत साठीला आलात, आणि निरोपाला शाल-नारळापलीकडं हातात काही नाही. आमचं ऐकून घेणाऱ्या बाईचं ऐकणारं वर कुणी नव्हतं, हे मला त्या कार्यक्रमात साहेबांच्या भाषणानंतर म्हणायचं होतं. दोन मिनिटांत ते बसलं नसतं, आणि तुम्हालाही आवडलं नसतं.

म्हणून आता कामाचं. तुमचा शेवटच्या महिन्यांचा दौरा भत्ता अजून जमा झालेला नाही असं सिस्टरांकडून कळलं. येत्या मंगळवारी आम्ही चौघी तालुक्याला जातोय, ऊसतोडीच्या याद्या द्यायच्या आहेत. त्यात तुमचाही विषय घेतलाय, तो मी मांडणार आहे. पासबुकाच्या पहिल्या पानाची आणि दौरा-डायरीची झेरॉक्स सोमवारच्या आत मुलाबरोबर पाठवा. साहेब काय म्हणाले ते संध्याकाळी फोन करून सांगते, काम झालं तरी आणि नाही झालं तरी.

तुमची,
तुमच्या गटातली एक आशा