पावती

वाई, रविवार दुपार

प्रिय दत्ता,

तुझे पाच हजार पोचले. खाली तू लिहिलं होतंस, ‘वाचनालयाला छोटंसं दान’. त्या एका शब्दाने माझी दुपारची झोप गेली. खजिनदार मी, पावती मलाच फाडायची. पुस्तकात छापलंय ‘देणगी / वर्गणी’, नको ते खोडा. दानाला जागाच नाही.

वर्गणी तर ही नव्हे. वर्गणी म्हणजे ठरलेला वाटा, ती दिली नाही तर गणपतीतली पोरं दारात येऊन उभी राहतात. (परवा एक जण पाचशे एक मागत होता. ही वर्गणी की खंडणी, विचारलं तर हसला.) देणगीत तसा तगादा नाही. ती संस्थेला द्यायची, पावती घ्यायची, फार तर भिंतीवरच्या फरशीवर नाव. दान म्हटलं की मात्र एकदम पुण्य येतं, पात्र-अपात्र येतं, आणि देणाऱ्याचा हात वर जातो. मला तो हात खटकतो.

का खटकतो ते तुला ठाऊक आहे. आबा साताऱ्यात शिकले ते वार लावून. सात घरं, सात वार. तुमच्या आजीकडे त्यांचा गुरुवार. म्हातारपणीसुद्धा आबा ‘त्यांनी मला जेवू घातलं’ असं म्हणायचे नाहीत, ‘तिथे माझा गुरुवार होता’ म्हणायचे. बघ ना, शब्द कसा केलाय! कोण देतो, कोण घेतो, काही कळत नाही, नुसता वार उरतो. माधुकरीही तशीच. मधुकर म्हणजे भुंगा, दहा फुलांवरून थोडं थोडं घेणारा, फुलाला न दुखवता. झोळी तीच, अन्न तेच, पण त्याला कोणी भीक म्हणत नसे. मुंजीतल्या बटूची ती भिक्षा, देवीच्या नावाने मागितला तो जोगवा. खात्यापित्या घरची बाईसुद्धा नवस म्हणून पाच घरी जोगवा मागते आणि तिला कमीपणा वाटत नाही. मागणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून आपल्या लोकांनी किती शब्द घडवून ठेवलेत!

तरी आबांना एका घरी ऐकावं लागलंच, ‘आमच्या अन्नावर वाढलास’. तो त्यांचा मंगळवार. नंतर मंगळवारी ते उपास करायचे आणि आम्हाला वाटायचं गणपतीचा.

आता दानाची बाजूही घेतो, नाहीतर तू म्हणशील वश्या एकतर्फी बोलतो. दान देताना हातावरून उदक सोडायचं. ‘त्या पैशांवर पाणी सोड’ म्हणतो आपण, ते तिथलंच. पाणी सुटलं की ती वस्तू आपली राहिली नाही, मग ती कुठे गेली, कशी वापरली, हे विचारायचं नाही. तुळशीपत्र ठेवायचं तेही स्वतःच्या वस्तूवर, हलवायाच्या घरावर नव्हे! आणि आपला विनोबा, गागोद्याचा कोकणी माणूस. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणात पोचमपल्लीला भूमिहीनांनी ८० एकर मागितले आणि रामचंद्र रेड्डींनी १०० दिले, तिथून भूदान निघालं. विनोबा शंकराचार्यांचा आधार द्यायचे, दान म्हणजे संविभाग, नीट वाटून घेणं. जमीनवाल्याला सांगायचे, तुला पाच मुलगे असतील तर मला सहावा धर आणि माझा वाटा दे. सहाव्या मुलापुढे कुठला हात वर करणार?

हिंगण्याला अण्णासाहेब कर्व्यांच्या संस्थेनेही असाच शब्द काढला. विधवा मुलींच्या शिक्षणासाठी लोकांकडून घ्यायचं ती भाऊबीज. भावाने बहिणीच्या ताटात घातलं, संपलं. भाऊबिजेला कोण दान म्हणेल?

लिहिता लिहिता वासुदेव आठवला. आपल्या आळीत पहाटे यायचा, मोरपिसांची टोपी, चिपळ्या. आई सुपातून जोंधळे घालायची आणि तो म्हणायचा, दान पावलं, दान पावलं. पंढरीच्या विठोबाला, जेजुरीच्या खंडोबाला, तुळजापूरच्या भवानीला. ‘मला मिळालं’ असं कधी म्हणाला नाही. आणि आज एवढ्या वर्षांनी माझ्या टाळक्यात उजेड पडला, अरे, पावती त्या पावण्यातलीच! वासुदेव जोंधळ्यांची पावतीच फाडत होता, देवांच्या नावाने. मी फाडतो ती पुस्तकांच्या कपाटाच्या नावाने.

असो. कपाट सुताराकडे आहे, लोखंडी नको म्हणून मीच भांडलो. पाऊस पडला की मागच्या भिंतीला ओल येते, त्यामुळे जुनी मासिकं सध्या माझ्या घरी, आणि वहिनी तुझी वैतागली आहे.

पावतीवर ‘देणगी’च लिहिलं. हिशेब तपासणाऱ्याला दुसरं चालत नाही. मागच्या बाजूला पेन्सिलीने ‘गुरुवार’ असं लिहिलंय. नको वाटलं तर खोडून टाक, खोडरबराने जाईल.

करसवलत हवी असेल तर पॅन नंबर कळव.

तुझा,
वसंता