साहेब, माझी गाडी तुम्ही नापास करायला हवी होती

प्रति,
मा. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
परिवहन भवन, संसद मार्ग, नवी दिल्ली

विषय : वीस वर्षांवरच्या खाजगी गाडीचं पासिंग

साहेब, नमस्कार.

आपण मराठी, म्हणून मराठीतच लिहितोय. इंग्रजीत अर्ज लिहून द्यायला एकजण तयार होता, पण त्यात ‘नम्र विनंती’ सोडून माझं काहीच उरलं नसतं.

मी एसटीतून निवृत्त झालेला चालक. एकतीस वर्षं स्टेअरिंगवर काढली, त्यातली निम्मी घाटात. माझ्याकडं मारुती ८०० आहे, ऑक्टोबर २००५ ची. २०११ साली तालुक्याच्या एका डॉक्टरांकडून पंच्याऐंशी हजारांना घेतली. रंग मूळचा पांढरा, आता जुन्या उशीच्या अभ्र्यासारखा. ड्रायव्हरच्या बाजूचं दार बाहेरून उघडत नाही, काचेतून हात घालून आतला खटका ओढावा लागतो. काच खाली-वर करायचं हँडल चारी दारांत मिळून एकच शाबूत आहे. ते समोरच्या खणात ठेवलेलं असतं. ज्याला वारा हवा त्यानं मागून घ्यायचं आणि काम झालं की परत द्यायचं. मागच्या सीटखाली पत्रा सडला होता तिथं दुसरा पत्रा मारून घेतलाय. तरी जोराचा पाऊस असला की मागं बसलेला पाय वर घेतोच. पण सकाळी अर्ध्या सेल्फला चालू होते, आणि वीस वर्षांत तिचं रनिंग झालंय १ लाख ३८ हजार किलोमीटर. एवढं अंतर एखादी भाड्याची गाडी दोन-तीन वर्षांत कापते.

हौस म्हणून ठेवलेली नाही. आमची वाडी मोठ्या रस्त्यापासून सहा किलोमीटर आत. शेवटची एसटी साडेपाचला, आणि हे सांगताना मलाच कसंतरी होतं. बायकोचे दोन्ही गुडघे गेलेत. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर वाडीत माझ्याच दारात चारचाकी असते, आणि ती कधी नाही म्हटलेली नाही.

तर २०२५ च्या ऑक्टोबरात तिला वीस वर्षं झाली आणि पासिंगची, म्हणजे नोंदणीची मुदत संपली. २०२० ला पहिलं नूतनीकरण केलं तेव्हा फी होती सहाशे रुपये. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीला ती पाच हजार झाली आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनं वीस वर्षांवरच्या मोटारीला दहा हजार. म्हणजे मी सहाशेवरून थेट दहा हजारांवर. मधली पायरी माझ्या वाट्याला आलीच नाही. त्यावर पर्यावरण कराचे तीन हजार, तो राज्याचा, त्याबद्दल आपल्याला बोलत नाही. नवी नंबरप्लेट ७४५ अधिक जीएसटी. एजंटाचं वेगळं, ते पावतीवर येत नाही.

मला पीएफवाल्यांच्या ईपीएस-९५ योजनेचं पेन्शन मिळतं, महिन्याला ३,१४० रुपये. आकडा चुकलेला नाही, एसटीतून बाहेर पडलेल्या कुणालाही विचारा. म्हणजे नुसती आपली फी माझ्या तीन महिन्यांच्या पेन्शनएवढी. भंगारवाला अख्ख्या गाडीचे अठरा हजार देतो म्हणतो. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हे. तरीही भरले. मुलानं निम्मे दिले. पत्र त्या पैशांसाठी नाही, पुढं वाचा.

पासिंगच्या दिवशी गाडी पहाटेच धुतली, बायकोनं पुढच्या काचेला आतून कागदानं पुसून घेतलं. कार्यालय कुठलं ते सांगत नाही, कारण तिथले साहेब वाईट नव्हते आणि त्यांच्यापुढं पन्नास गाड्या उभ्या होत्या. माझा नंबर सव्वाबाराला आला. साहेब म्हणाले, “बॉनेट उघडा.” उघडलं. चेसिस नंबर बघितला, पेन्सिलनं कागदावर छाप घेतली. “हेडलाईट. डिपर. इंडिकेटर. वायपर. हॉर्न.” सगळं वाजलं, लागलं, हललं. मोबाईलवर पुढून-मागून फोटो काढला. मी घड्याळ बघत होतो, सवय आहे. चार मिनिटं झाली. गाडी जागची एक फूटही हलली नाही. साहेब आत बसले नाहीत, ब्रेकच्या पायडलला कुणी पाय लावला नाही. “झालं, काका.” आरसी बुकावर तारीख आली ऑक्टोबर २०३०.

त्यानंतर अकराव्या दिवशी राजापूरकडं लग्न होतं. मी, बायको, तिची बहीण आणि नात, असे अणुस्कुरा घाट उतरत होतो. घाट ज्या गिअरनं चढायचा त्याच गिअरनं उतरायचा, हे मी शिकाऊ पोरांना सांगत आलो. दुसऱ्या गिअरमध्ये होतो. एका वळणाच्या आधी पाय दिला, पायडल निम्म्याच्या खाली गेलं. पंप केलं, थोडं वर आलं. पुन्हा दिलं, पुन्हा खाली. ते मऊ लागणं ज्यानं अनुभवलंय त्याला सांगायला नको. तळपायाला कळतं आणि पोटात खड्डा पडतो. बोललो काही नाही. पहिला टाकला, इंजिन ओरडलं, हँडब्रेक दाताला दात ओढत आणला आणि डोंगराच्या बाजूनं तसाच घसटत खाली उतरलो. नात म्हणाली, “आजोबा, किती हळू!” लग्न लागून गेलं होतं. जेवण मिळालं.

घाटाखालच्या मिस्त्रीनं मागचं डावं चाक काढलं. ड्रम निघाला तो ओलाच. चाकातला ब्रेक दाबणारा जो व्हील सिलिंडर, त्याचं रबर गेलेलं, ब्रेक ऑईल झिरपून ड्रमला घासणारं लायनर तुपात भिजवल्यासारखं झालेलं. ड्रमच्या आत धूळ आणि तेल मिळून काळी खळ तयार झाली होती, ती त्यानं स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडून कागदावर काढून दाखवली. म्हणाला, “काका, हे आजचं नाही. महिना तरी झाला असेल.”

महिना. म्हणजे पासिंगच्या दिवशी ते चाक गळत होतं.

यात माझीही चूक आहे, ती आधी सांगतो. त्या महिन्यात ब्रेक ऑईलची पातळी दोनदा खाली गेलेली मी बघितली होती आणि दोनदा नुसतं वर भरलं होतं. एसटीत हेच एखाद्या पोरानं केलं असतं तर मी त्याला डेपोत सगळ्यांसमोर झापला असता. तिथं गाडी ताब्यात घेताना टायर, तेल, पाणी बघायचं, ब्रेकची हवा भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही, आल्यावर जो दोष वाटला तो लिहून द्यायचा, आणि ठरलेल्या दिवशी गाडी पिटवर, म्हणजे खालून तपासायच्या खड्ड्यावर जायची. त्या पिटमध्ये उभं राहून वर बघितलेलं माणूस विसरत नाही. आमच्या गाड्या पत्र्यानं खडखडायच्या, खिडक्या आवळून बांधाव्या लागायच्या, पण ब्रेकचं काम अर्धवट असताना गाडी फाटकाबाहेर काढलेली मला आठवत नाही.

आता माझं म्हणणं. वीस वर्षांची गाडी धोक्याची असू शकते, हे मला मान्य आहे. मी तर त्याचा पुरावाच आहे. पण मग तिला तपासा. आपल्या नियमानं आठ वर्षांवरच्या टॅक्सीचं, ट्रकचं पासिंग दरवर्षी होतं. माझ्या वीस वर्षांच्या मोटारीचं पाच वर्षांनी एकदा, आणि तेही चार मिनिटं. म्हणजे ती पंचवीस वर्षांची होईपर्यंत तिच्या ब्रेकचं काय झालंय हे सरकारला कळणार नाही. पत्रा सडला, स्टेअरिंगचे जोड ढिले झाले, तरी कळणार नाही. कागद मात्र पक्का आहे, दहा हजार भरलेत. एवढी फी घेतली म्हणजे सरकारनं काहीतरी बघितलं असेल, असं आमच्यासारख्याला वाटतं हो. चाक काढायला आमच्या मिस्त्रीला पाच मिनिटं लागतात. फी एवढी ठेवली की लोक कंटाळून गाडी विकतील, असा हिशेब असेल तर तो सरळ सांगा. पण मग त्याला फिटनेस म्हणू नका.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये गांधीनगरला भंगार धोरण जाहीर झालं, तेव्हा आम्ही टीव्हीसमोर बसून ऐकलं होतं की गाडीचं नुसतं वय बघितलं जाणार नाही, यंत्रावर तपासणी होईल आणि नापास होईल ती गाडी जाईल. मला ते पटलं होतं. रोलरवर चाकं ठेवली की कुठल्या चाकाला किती ब्रेक लागतो ते यंत्र आकड्यात दाखवतं. माझं डावं चाक तिथं एका मिनिटात पकडलं गेलं असतं. दिल्लीत मात्र नुसतं वय बघून जुलै २०२५ पासून जुन्या गाड्यांना पंपावर पेट्रोल-डिझेल बंद करायला निघाले आणि आठवडाभरात ते पुढं ढकलावं लागलं.

म्हणून माझी मागणी उलटी आहे, आणि जुन्या गाड्या बाळगणारे माझेच दोस्त मला शिव्या घालतील. दहा हजार पाच वर्षांनी घेण्याऐवजी दरवर्षी पाचशे-सातशे घ्या, पण गाडी रोलरवर घाला, खालून बघा, चाक काढा. तपासणीत बसली तर पुढच्या वर्षापर्यंत चालवू द्या, मग ती वीसची असो की तीसची. नाही बसली तर तिथंच उभी करा, दुरुस्त करून आणा म्हणा. दोनदा नापास झाली की जाऊ दे भंगारात, मी स्वतः चावी देईन. जिल्ह्यात यंत्र नसेल तर यंत्र येईपर्यंत निदान एक खड्डा आणि एक जॅक द्या, आणि साहेबांना एका दिवसात पन्नास गाड्या देऊ नका.

रस्त्यावर धूर ओकणारी गाडी बंद व्हावी, याबद्दलही वाद नाही. आमचं पीयूसी दर सहा महिन्यांनी होतं, माझी गाडी त्यात बसते. आता ते पीयूसीही कधी कधी कसं होतं हे आपल्याला मी सांगायला नको.

अजून एक, पेट्रोलचं. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलवालंच मिळतं. ऊसवाल्या भागातला माणूस आहे, इथेनॉलला विरोध करून गावात कुठं राहू? पण माझी गाडी त्यासाठी बनलेली नाही. पेट्रोलियम मंत्रालयानंच म्हटलंय की काही जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग, गॅस्केट बदलावे लागू शकतात आणि ते काम स्वस्त आहे. स्वस्त आहे, खरंय. यंदा माझा टाकीजवळचा पाईप फुगून चिकट झाला होता, तो बदलायला मजुरीसकट साडेचारशे गेले. वीस वर्षांचं रबर एरवीही जातं, त्यामुळं दोष इथेनॉलचाच असं छातीठोक सांगणार नाही. पण पेट्रोलचा पाईप फुटला तर काय होतं हे ड्रायव्हरला ठाऊक असतं. कुठल्या मॉडेलचे कुठले भाग बदलायचे, याचा एक मराठी तक्ता प्रत्येक पंपावर लावायला किती खर्च येतो? ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच होतं म्हणतात. लिटरचा भाव काही तेवढा उतरला नाही.

नवी गाडी का घेत नाही, असं आपले अधिकारी विचारतील. लहान गाड्यांवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आणलात, चांगलं केलंत. तरी तेव्हा सगळ्यात स्वस्त नवी गाडीही साडेतीन लाखांच्या आसपास होती. जुनी मोडीत काढल्याच्या दाखल्यावर नव्या गाडीच्या करात सूट आहे, पण ती सूट मिळायला आधी नवी गाडी घ्यावी लागते. ३,१४० च्या पेन्शनवर हप्ता किती बसेल, ते बँकेतल्या पोरानं मला हसू दाबत सांगितलं.

घाटातून परत आल्यावर मी त्याच कार्यालयात गेलो होतो. खिडकीवर विचारलं, मधल्या काळात पैसे भरून ब्रेक तपासून घ्यायची काही सोय आहे का. बाई चांगल्या होत्या. त्यांनी बुक उलटून बघितलं आणि म्हणाल्या, “काका, तुमचं २०३० पर्यंत क्लिअर आहे की.”

मागचे दोन्ही सिलिंडर नवे टाकलेत, लायनरही. एकोणीसशे रुपये झाले. डाव्या बाजूचा जुना सिलिंडर त्या काळ्या खळीसकट प्लास्टिकच्या डबीत ठेवलाय. परिवहन भवनात कुणाला बघायचा असेल तर स्पीड पोस्टानं पाठवतो, खर्च माझा.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक